एकाच डब्यातली ठेव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी काही व्याख्याता नाही. एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर, माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी तो १९७४ साली सुरू केला, आता मी चालवतो. गावातल्या तीन पिढ्यांची बारशी, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो आणि फॉर्मवर चिकटवायचे फोटो या एका खोलीतून गेले आहेत. आज मला तुम्हाला एका बारीकशा आवाजाबद्दल सांगायचं आहे. टक्... टक्... टक्. एवढाच तो आवाज. पण त्या आवाजाने मला अकरा दिवस झोप लागू दिली नाही.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. जवळच्याच वाडीवरची एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, पोराचा फोटो पायजे हुता." महिन्याभरापूर्वी तिचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, हे मला ठाऊक होतं. त्याचे सगळे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते आणि त्या मोबाइलचा अपघातात चुरा झाला होता. तेराव्याला घरच्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तिने तो पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. नुसते ठिपके. ती म्हणाली, "ह्यात त्यो माझा वाटतच न्हाई."

तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो २०१७ साली मीच काढले होते. अल्बममध्ये हा पोरगा एका ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, अर्धा झाकलेला होता. पण मला आठवलं. मांडवाच्या दारात, तोरणाखाली, फेटा बांधून तो उभा होता. कोणीतरी काहीतरी बोललं आणि तो हसला. मी तेवढ्यात बटण दाबलं होतं. अल्बम नवरीचा, त्यामुळे तो फोटो त्यात लागला नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, "आहे माझ्याकडं वहिनी. उद्या या."

वडिलांच्या काळात हे 'उद्या' खरं ठरायचं. निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यांत, तारखा घालून ठेवलेल्या असत. ते म्हणत, निगेटिव्ह ही आपली मालमत्ता नाही, गिऱ्हाइकाची ठेव आहे. पन्नास वर्षांपूर्वीची निगेटिव्ह आजही काढली तर कोपऱ्यात थोडी बुरशी दिसते, पण चेहरा दिसतो. माझा डबा वेगळा. तळहाताएवढी काळी एक्सटर्नल हार्ड डिस्क, दोन टीबीची, २०१५ साली घेतलेली. २०११ ते २०१९ अशी नऊ वर्षांची सगळी कामं त्यात. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसायची, दुकानातल्या कॉम्प्युटरवर जागा नाही म्हणून तिथूनही काढायचं आणि सगळं त्या काळ्या डबीत टाकायचं. दुसरी कॉपी नव्हती. एकही नव्हती. हे मी आज माइकसमोर कबूल करतो आहे.

संध्याकाळी मी डिस्क जोडली. दिवा लुकलुकला. टक्. मग शांतता. मग टक्, टक्. पडद्यावर काहीच हलेना. थोड्या वेळाने कॉम्प्युटरने विचारलं, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्यापैकी बहुतेकांनी केलं असतं. वायर काढली, घातली. पाच-सहा वेळा. वायर बदलली. डबीवर हलकेच टिचक्या मारल्या. दुकानातला पोरगा म्हणाला, "मालक, फ्रीजमध्ये ठेवायची रातभर. मी व्हिडिओ बघितलाय." शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "स्कॅन अँड फिक्स दाबा, सगळं परत येतं." माझं बोट त्या बटणावर गेलंही होतं. पण तेवढ्यात पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याची आठवण झाली आणि मी त्याला फोन लावला. तो आवाज मी फोनवरून त्याला ऐकवला. तो म्हणाला, "मामा, आधी वायर काढा. मी बोलतोय तोवरसुद्धा चालू ठेवू नका." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो आला.

तो आवाज कशाचा, हे त्याने मला समजावलं, तेच तुम्हाला सांगतो. त्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. आमच्या डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला नव्वद वेळा. तबकडीची कड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने, मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीच्या वेगाने पळत असते. तिच्यावर ग्रामोफोनच्या सुईसारखं एक हेड असतं, पण ते तबकडीला टेकत नाही. फिरत्या हवेच्या थरावर तरंगतं. दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा एक केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. धुळीचा बारीक कणसुद्धा तिथे डोंगरासारखा. हेडला आपली जागा सापडली नाही, की ते परत मूळ ठिकाणी जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. त्या येरझारीचा तो टक् टक् आवाज.

आता बघा, मी काय काय चुकत होतो. डिस्क पुन्हा पुन्हा चालू करणं म्हणजे दुखऱ्या पायाच्या माणसाला पुन्हा पुन्हा जिना चढायला लावणं. हेड खराब झालं असेल, तर प्रत्येक फेरीत ते तबकडीवर ओरखडा काढू शकतं. त्यातून सुटलेला कीस आणखी ओरखडे काढतो. फ्रीजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा आतल्या भागांना घाम सुटू शकतो. तबकडीवर तो ओलावा म्हणजे संपलंच. टिचक्यांबद्दल तर बोलायलाच नको. आणि डबी घरी उघडली, तर डोळ्याला न दिसणारी धूळ आत जाते. हे काम करणारे लोक धूळ गाळलेल्या खास खोलीतच झाकण काढतात.

राहिलं ते 'स्कॅन अँड फिक्स'. त्यात फसवणूक नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. डिस्कमध्ये कुठली फाइल कुठे आहे, याची एक अनुक्रमणिका असते. ते बटण त्या अनुक्रमणिकेत दुरुस्त्या लिहितं. जे वाचता आलं नाही, ते काढूनही टाकतं. धडधाकट डिस्कवर हे ठीक. मरणाऱ्या डिस्कवर काहीही लिहायचं नसतं. फॉरमॅटला हो म्हटलं, तर जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी कोरी येते.

भाच्याने आधी डिस्कची प्रकृती पाहिली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक वही ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं. किती जागा निकामी झाल्या म्हणून बदलल्या आणि किती जागा वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत आहेत, याची नोंद त्यात असते. आमच्या डिस्कचा दुसरा आकडा काही शेकड्यांत होता. म्हणजे डिस्क कदाचित कित्येक दिवस सांगत होती. विचारणारं कोणी नव्हतं.

मग त्याने मला स्पष्ट सांगितलं. "मामा, बिघाड तीन जातीचे. कधी नुसती वायर किंवा वरच्या डबीतलं सर्किट जातं. कधी यंत्र चांगलं असतं, पण फायली पुसल्या जातात किंवा अनुक्रमणिका बिघडते. आणि कधी आतलं यंत्रच जातं. ही सतत टक् टक् करत असती आणि तिचं नावसुद्धा दिसत नसतं, तर मी हात लावला नसता. सरळ तज्ज्ञांच्या लॅबकडे पाठवली असती. पण ही फिरतेय, स्वतःचं नाव आणि माप बरोबर सांगतेय, ठरावीक जागीच अडखळतेय. एक प्रयत्न करता येईल. पण त्यातच ती कायमची जाऊ शकते. ठरवा." लॅबच्या खर्चाची चौकशी केली. आकडा माझ्या दोन महिन्यांच्या दुकानभाड्याहून मोठा निघाला.

मी ठरवू शकलो नाही. वाडीवर गेलो. म्हटलं, "वहिनी, फोटो अडकलाय. निघेल का नाही, सांगता येत नाही. थोडे दिवस द्या." ती शांतपणे म्हणाली, "नसंल तर नाही म्हणा भाऊ. पन उद्या उद्या करू नगा."

त्या रात्री आम्ही काम सुरू केलं. करायचं काय, तर फोटो शोधायचाच नाही. हे मला पटेना. म्हटलं, मला एकच फोटो हवा आहे, तेवढा काढ की. भाचा म्हणाला, "तो शोधायला हेड सगळीकडे नाचवावं लागेल. तिच्यात किती दम उरलाय, ठाऊक नाही. आधी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. शोधाशोध त्या नकलेत. मूळ डिस्कला नंतर हातही लावायचा नाही."

यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक मोफत मिळणारा प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर चालतो. त्याची रीत मला फार शहाणपणाची वाटली. साधी कॉपी करताना कॉम्प्युटर वाईट जागेवर अडला, की तिथेच डोकं आपटत बसतो. हा तसं करत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते भराभर घेतो, अडलं की ती जागा सोडून पुढे जातो. कुठलं आलं, कुठलं राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. सोपं पदरात पडल्यावरच तो अवघड जागांकडे वळतो, कडेकडेने खरवडतो आणि शेवटी पुन्हा पुन्हा विचारतो. नवी डिस्क मात्र निदान जुनीएवढी मोठी लागते. वाचवलेला माल जुन्या डिस्कवर परत ठेवायचा नाही, हा पहिला नियम.

दीड दिवसात पहिली फेरी झाली आणि बहुतेक सगळं आलं. साडेतीन जीबी राहिलं. दोन हजार जीबीच्या मानाने ते चिमूटभर. पण जे उरलं त्यातच २०१७ चं ते लग्न होतं, हे नकलेत पाहिल्यावर कळलं. त्या फोल्डरमधल्या कितीतरी फोटोंची नावं दिसत होती, फोटो उघडत नव्हते.

पुढचे काही दिवस आम्ही त्या चिमूटभरासाठी घालवले. डिस्क तापली की थांबवायची, वर पंखा लावायचा, तासाभराने पुन्हा सुरू. भाचा पुण्याला परत गेला होता. रात्री फोन करून आकडा विचारायचा. मी धीर सोडायला लागलो, की तो एक गोष्ट सांगायचा. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीवर परतताना फुटलं. आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात गेले. अवशेष टेक्सासवर पडले. त्यात काही महिन्यांनी एक हार्ड डिस्क सापडली, वितळलेली, आत धूळ गेलेली. झेनॉन वायूच्या चिकटपणावर यानात जो प्रयोग झाला होता, त्याची मोजमापं तिच्यात होती. तज्ज्ञांनी तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती परत मिळवली. २००८ साली त्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. माणसं परत आली नाहीत, पण त्यांनी केलेलं काम परत आलं. भाचा म्हणायचा, "तिला कोणी स्कॅन अँड फिक्स केलं नव्हतं मामा, म्हणून."

नवव्या दिवशी सकाळी डिस्क चालू केली. टक् टक् आता अडखळत नव्हतं, घड्याळासारखं एकसारखं चाललं होतं. मग तेही थांबलं. तबकडी फिरायची बंद झाली. त्या क्षणी १.१ जीबी वाचायचं राहिलेलं होतं. ते राहिलंच.

मी नक्कल उघडली. पावणेदोन लाखांच्या आसपास फोटो परत आले होते. २१४ बिघडले होते. मांडवाच्या दारातला फोटो त्या २१४ मध्ये होता. उघडला. वरचा अर्धा भाग होता, खालचा अर्धा नुसता करडा. वर तोरण, फेटा, हसणारा चेहरा, शर्टाची कॉलर. छातीखाली काही नाही.

आपले कॅमेरे फोटो साठवतात तो वरून खाली, ओळी-ओळीने. मध्ये कुठे खंड पडला, की पुढचं सगळं बिघडू शकतं. एकट्या माणसाचा फोटो मी नेहमी कॅमेरा उभा धरून काढतो. पण उभा फोटोसुद्धा कॅमेरा आडवाच साठवतो आणि 'दाखवताना उभा करा' अशी चिठ्ठी फक्त जोडतो. त्या दिवशी मी कॅमेरा उभा धरला असता, तर हा करडा पट्टा आडवा न येता उभा आला असता आणि अर्धा चेहरा गेला असता. पण तोरण पूर्ण यावं म्हणून कॅमेरा आडवा धरला होता. यात माझं कौशल्य काही नाही. नशीब म्हणा.

चेहऱ्यापुरता फोटो कापून, बारा बाय पंधराची फ्रेम केली. अकराव्या दिवशी ती आली. तिने फ्रेम हातात घेतली. रडली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, "ह्यो कुणाकडं बघून हसतोय?" मला आठवत नव्हतं. तसं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडंच बघत असंल," आणि फ्रेम पदराखाली धरून पावसात निघून गेली.

मंडळी, गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका. उरलेले २१३ फोटो कोणाचे तरी होतेच. पाच लग्नं आणि शाळेचं एक स्नेहसंमेलन. मी वहीत यादी केली आणि एकेका घरी फोन करून सांगितलं. बहुतेक जण म्हणाले, अल्बम आहे, राहू द्या. एक गृहस्थ मात्र फोनवर गप्पच झाले. त्यांच्या आईचा शेवटचा फोटो त्यात होता. मी माफी मागितली. माफीने फोटो येत नाही, हे मला कळतं.

जगातली पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आली. पन्नास तबकड्या, प्रत्येकीचा व्यास २४ इंच आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरांची जागा. माझ्या कॅमेऱ्यातला आजचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. आज अख्ख्या गावाच्या आठवणी खिशात मावतात. सोय झाली, पण त्यामुळे एकाच डब्यात सगळं ठेवायची सवयही लागली. आपल्याकडे जुनी माणसं असं करत नव्हती. पोथीच्या प्रती होत, गावोगाव जात. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीतले शिरलेले पाठभेद काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. ताडून बघायला प्रती होत्या म्हणून हे शक्य झालं. एकच प्रत असती आणि तीच बिघडली असती, तर ताडायचं कशाशी?

म्हणून आता मी काय करतो, ते सांगून थांबतो. प्रत्येक कामाच्या तीन प्रती. एक दुकानात, एक घरी दुसऱ्या प्रकारच्या साधनावर आणि एक गावाबाहेर, भाच्याकडे पुण्याला. दुकान जळलं, घरात पाणी आलं, तरी तिसरी राहील. अल्बमबरोबर गिऱ्हाइकाला सगळे फोटो पेनड्राइव्हवर देतो आणि सांगतो, हाही एकटा ठेवू नका. पेनड्राइव्ह आणि नव्या जातीच्या डिस्का तर टक् असा आवाजही न करता जातात. मोबाइलमधले फोटो आपोआप इंटरनेटवर जातात म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळदा इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. आणि सहा महिन्यांनी प्रत्येक प्रत उघडून बघतो, पाच-दहा फोटो पाहतो, डिस्कच्या तब्येतीची वही वाचतो. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी शिकलो.

आणि तुमची डिस्क कधी टक् टक् करू लागली, तर घाबरून काही करू नका. वायर काढा. स्वस्थ बसा. जाणत्या माणसाला विचारा. पुष्कळदा नुकसान डिस्क करत नाही, आपली घाई करते.

ती बंद पडलेली काळी डबी मी टाकलेली नाही. दुकानात, वडिलांच्या बिस्किटाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. खाली यादीची वही आहे. यादीतल्या दोन घरांचे फोन लागत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या दुपारी दुकानात येईल आणि विचारेल. तेव्हा मी 'उद्या या' म्हणणार नाही.